ताणाचं झाड

पाचोडच्या मोसंबी बाजारात उभ्या असलेल्या कुठल्याही बागाईतदाराला विचारा, झाडाला फूल कशानं येतं? तो पाणी म्हणणार नाही, खतही म्हणणार नाही. ‘ताणानं’ म्हणेल. आंबिया बहार धरायचा तर थंडीत पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळू द्यायची आणि मग पाणी सोडायचं. पैठण तालुक्यात ही विद्या पोराटोरांना ठाऊक. पण तोच बागाईतदार घरी आला की अंगणातल्या झाडाखाली नळी सोडून जेवायला बसतो.

बहाव्यावर लिहिलं तेव्हा एका वाचकानं विचारलं होतं, याहून कोरड सोसणारं फुलझाड कोणतं? माझं उत्तर रोहिडा. राजस्थाननं 1983 साली त्याला राज्यफुलाचा मान दिला, म्हणून तो मारवाडचाच वाटतो. पण आपल्या खानदेशाच्या कोरड्या माळावरही तो रानात आढळतो. नागमोडी कडांची राखट पानं, आणि थंडी सरता सरता पिवळी, नारिंगी, लाल कर्ण्यांसारखी फुलं. वास नाही. शिंजीर मात्र हटत नाहीत.

रोप घेताना फसू नका. रक्तरोहिडा या नावावर आपल्याकडे निरनिराळी झाडं खपतात. सह्याद्रीतल्या एकाची साल तर काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. त्याचं आणि या झाडाचं कूळही एक नाही. मला पहिल्या खेपेला भलतंच रोप मिळालं, आणि ते कळायला दोन वर्षं गेली. त्यापेक्षा बी मिळवा. उन्हाळ्यात लांबट, किंचित वाकड्या शेंगा पिकतात, आत पापुद्र्यासारख्या पंखांचं बी असतं. ताजं असतानाच पेरायचं. भिजवणं, खरवडणं काही लागत नाही.

दुसरं रोप खात्रीचं होतं, ते मी मारलं. घरामागच्या काळ्या मातीत लावलं. श्रावणात झड लागली, आळ्यात पाणी साचलं आणि पानांनी मान टाकली. तहानलंय समजून मी खुळ्यासारखी आणखी बादली ओतली. उपटलं तेव्हा मुळाची साल चिमटीत निघून आली, आतून तपकिरी, कुजक्या वासाची. वाळवंटातलं झाड पैठणात बुडून मेलं.

वर्षाला 150 मिलिमीटर पावसावर जगणारं झाड हे. आपल्याकडे पाऊस त्याच्या कितीतरी पट पडतो. रडायचं ते काळ्या मातीचं, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग. म्हणून खड्ड्यात मुरूम आणि वाळू जास्त, शेणखत नावाला. बुंधा उंचवट्यावर, आळं त्याच्यापासून हातभर लांब. भोवती काटेरी फांद्या रोवा, कारण कोवळा रोहिडा शेळ्यांना फार आवडतो. जमीन चिबड असेल तर मात्र याचा नाद सोडा आणि पळस लावा; पळस चिबडातही उभा राहतो.

पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदाच, पण खोल मुरेल असं पाणी. रोज तांब्यातांब्यानं घातलं की मुळं वरच्या वर लोळतात, खाली जायचं त्यांना कारणच उरत नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी तोडायचं.

इथं भले भले कच खातात. जायकवाडी 1976 साली झालं, धरण उशाला आलं. पण 2016 च्या उन्हाळ्यात धरणात मृतसाठा उरला होता आणि तिकडे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं. ते दिवस पाहिलेल्या माणसाला सुकल्यासारखं झाड बघवत नाही, हे मला समजतं. तरी टँकरच्या पाण्यावर गुलमोहर जगवणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. वर त्याची मुळं उथळ, वादळात आडवा होतो तो होतोच.

माझ्या तिसऱ्या रोहिड्याचा हा तिसरा उन्हाळा. कंबरेएवढा झालाय. वाढ मुंगीच्या पावलानं, फूल अजून नाही. मार्चपासून मी पाणी बंद केलं, तरी बुंध्याजवळची माती सकाळी ओलसर दिसायची. परवा उलगडा झाला. शेजारच्या काकू तुळशीचं उरलेलं पाणी भिंतीवरून त्याला घालतात, मी बघत नसताना. ‘दारातलं झाड आहे गं,’ म्हणाल्या.