हात काळे करण्याविषयी

गाडी दहा-बारा वर्षांची झाली की आपल्याकडे सगळ्यांचा एकच सल्ला सुरू होतो. "आता काढून टाका की राव!" सल्ला देणाऱ्याने कधी त्या गाडीचं बॉनेट उघडून पाहिलेलं नसतं. रंग उडालाय, मॉडेल बंद झालंय, शेजाऱ्याने नवी घेतलीय, एवढं कारण त्याला पुरतं.

जुनी गाडी ठेवावी की विकावी, यावर मला आज लिहायचं नाही. तो ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे. पण ठेवलीच, तर तिची देखभाल कुणी करायची, यावर मात्र थोडं बोलावंसं वाटतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. जेवढी घरी करता येते तेवढी मालकाने स्वतःच्या हाताने करावी. आपण ती करत नाही, आणि विचारलं की सांगतो, वेळ नाही, अक्कल नाही, हत्यारं नाहीत. माझ्या मते यातलं एकही कारण खरं नाही. खरं कारण जरा बोचणारं आहे.

आमच्या कुंडल भागातला कुठलाही बागायतदार शेतकरी डोळ्यांपुढे आणा. रात्रीच्या पाळीची लाईट आली, तो विहिरीवर गेला, आणि मोटर चालू होऊनही पाणी येत नाही. हा माणूस कुणाला फोन लावत बसत नाही. फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय का बघतो, ग्लँडमधून पाणी गळत असेल तर नवी दोरी भरतो, स्टार्टरचे काळे पडलेले कॉन्टॅक्ट पॉलिशपेपरने घासतो. ऊसतोडीच्या हंगामात क्रांती कारखान्याच्या रस्त्यावर उभं राहून बघा. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर बंद पडला की ड्रायव्हर खाली उतरतो, डिझेल फिल्टर ढिला करतो, हवा काढतो आणि पुढे निघतो. यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

आता त्याच माणसाच्या अंगणात उभी असलेली चारचाकी घ्या. तिच्या वायपरच्या टाकीत पाणी भरायचं तर तो म्हणतो, सर्व्हिसिंगला टाकली की भरतील. एअर फिल्टर धुळीने बुजलेला असतो. तो चार क्लिपा काढून झटकायचा असतो, पण त्याला हात लावायचा नाही. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढते, आणि गाडी सकाळी चालू होईना की तो चार पोरं बोलावून धक्का मारायला लावतो.

अक्कल तीच, हात तेच, घरातले पानेही तेच. मग फरक कुठे पडला? फरक असा की मोटर हे काम आहे आणि गाडी हा मान आहे. विहिरीवर हात काळे झाले तर तो कष्टाळू. अंगणात गाडीखाली झोपून हात काळे झाले तर रस्त्याने जाणारा विचारतो, "काय, गॅरेजला द्यायला पैसे नाहीत का?" आणि त्या प्रश्नाला आपण भितो. शिकलेल्या, नोकरीतल्या माणसांची तर आणखी पंचाईत. लोखंडाचं काम लोहाराने करावं, लाकडाचं सुताराने, आणि शिकलेल्याने सही करावी, हे आपल्या डोक्यात फार खोल बसलेलं आहे. बलुतं गेलं, पण त्याची उतरंड आपण गॅरेजच्या दारापर्यंत आणून ठेवली.

हे सगळं कुंडलमध्ये घडावं याची मला जास्त गंमत वाटते. कारण कुंडलपासून हाकेच्या अंतरावर किर्लोस्करवाडी आहे. आज ज्या स्टेशनला किर्लोस्करवाडी म्हणतात, त्याचं जुनं नाव कुंडल रोड. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या इथल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. हे लक्ष्मणराव मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हटल्यावर ते यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये मास्तर झाले. तिथली बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले आणि सायकलींच्या दुकानात रमले. आपल्या लेखी ही केवढी घसरण! मास्तरकी सोडून सायकली! पण उघडून बघायचं, समजून घ्यायचं, नाही जमलं तर पुन्हा उघडायचं, या सवयीतूनच पुढे लोखंडी नांगर आला आणि नांगरापाठोपाठ बाकीचं सगळं आलं. ज्या मोटरपंपांवर आपली शेती उभी आहे तेही या वाडीत तयार होतात. म्हणजे हात काळे करण्याचं इतकं मोठं उदाहरण आपल्या शिवेवर उभं आहे, आणि आपण त्यातून काय घेतलं? 'पोराला तिथे चिकटवता येईल का?'

दुसरं उदाहरण अगदी अलीकडचं. सागरेश्वरच्या पायथ्याचं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी जुन्या गाड्यांचे आणि दुचाकीचे सुटे भाग जमवून, पायाने किक मारून चालू होणारी एक छोटी जीपसारखी गाडी घरीच बनवली. सुमारे साठ हजार रुपये खर्च आल्याचं तेव्हा छापून आलं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांच्या पाहण्यात आला, त्यांनी कौतुक केलं आणि त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो घरी आली. सगळ्या महाराष्ट्राने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण नंतर एक गोष्ट जाणवली. आपण टाळ्या कशाला वाजवल्या? गाडी बनवण्याला की बोलेरो मिळण्याला? कारण या गोष्टीनंतर आपल्या भागातल्या किती जणांनी घरातला पाना बाहेर काढला, असं विचारलं तर मला एकही नाव आठवत नाही. 'नशीब काढलं' असं म्हणणारे मात्र पुष्कळ भेटले.

त्या गाडीबद्दल एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. घरी बनवलेली गाडी कायद्याच्या चौकटीत बसत नव्हती, आणि कौतुक करताना महिंद्रांनीही ते सांगितलं होतं. घरची दुरुस्ती आणि गाडीत केलेला बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लग बदलणं, तेल बदलणं, पट्टा बदलणं ही दुरुस्ती. इंजिनच दुसरं बसवणं किंवा चासी कापणं हा बदल, आणि तो परवानगीशिवाय करता येत नाही. मी बोलतोय ते पहिल्याबद्दल.

आता थोडं प्रत्यक्षातलं. माझ्याकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटर. यातली निम्मी गाडी दहा, बारा आणि चौदाच्या पान्यांवर उघडते. त्यात एक प्लगपाना, पक्कड, दोन स्क्रूड्रायव्हर, एक टेस्टर आणि भरपूर चिंध्या, एवढा माझा कारखाना! यावर मी वर्षानुवर्षं काय करतो? तेल आणि ऑइल फिल्टर बदलतो. इंजिन कोमट असताना ड्रेनचा नट काढायचा, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासकट उतरतं. प्लग काढून त्याचा रंग बघतो. टोक तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडं काजळ धरलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. तेलकट काळं असेल तर इंजिन तेल खातंय. एवढासा तो प्लग, पण इंजिनच्या पोटातली बातमी बाहेर आणतो. बॅटरीच्या टर्मिनलवर गरम पाणी ओतून ब्रशने घासतो आणि वरून व्हॅसलीन लावतो. फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून बघतो. हे सगळं रविवारच्या एका सकाळचं काम आहे.

यात पैसे वाचतात, पण खरी कमाई ती नाही. खरी कमाई म्हणजे तुम्हाला कुणी सहज फसवू शकत नाही. एकदा माझी गाडी चालूच होईना. किल्ली फिरवली की नुसतं 'टक्' व्हायचं आणि दिवे मंद व्हायचे. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, सगळं वायरिंग बदलावं लागेल. घरी येऊन बघितलं तर बॅटरीची अर्थ वायर बॉडीला जिथे जोडलेली असते तिथला बोल्ट गंजलेला होता. घासून घट्ट केला, गाडी चालू. त्या माणसाला मी वाईट म्हणणार नाही. ज्या गिऱ्हाइकाला काही कळत नाही त्याला सगळं बदलून देणं हाच त्याच्यासाठी बिनत्रासाचा रस्ता असतो. आपलं अज्ञानच त्याला तो रस्ता दाखवतं.

कधी कधी हे कळणं पैशापेक्षाही मोठं ठरतं. ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा महापूर आपल्या पलूस तालुक्यात कुणी विसरणार नाही. पुरात जे गेलं त्यापुढे गाड्यांचं काय घेऊन बसलात, हे खरंच. पण ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला विचारा. पाण्यात बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवायची नाही, हे एकच वाक्य माहीत असणं केवढ्याला पडतं! सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची वायर काढायची आणि गाडी ओढून न्यायची. प्लग काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय, तेल बदलल्याशिवाय चालू करायची नाही. ही माहिती अडचणीच्या दिवशी फोनवर शोधून अंगात येत नाही. ती येते अशाच रिकाम्या रविवारी.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, आजच्या गाड्यांत सगळा कॉम्प्युटर आहे, तिथे तुमचा पाना काय करणार? बरोबर आहे. पण त्यात गाडीच्या गुंतागुंतीइतकाच दोष कुलपांचाही आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना सुमारे अडीच हजार कोटींचा दंड ठोठावला होता. कारण त्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकांना मोकळेपणाने मिळू देत नव्हत्या. कंपन्या अपिलात गेल्या, पण मुद्दा राहिलाच. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्यासाठी पोर्टलही काढलं. पण हक्क मागणार कोण? ज्याने कधी बॉनेटच उघडलं नाही त्याला कुलूप लावलंय हे तरी कसं कळणार?

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. सगळे घरीच करायला लागले तर गॅरेजवाल्याने खायचं काय? माझा अनुभव उलटा आहे. चौदाचा नट गंजून बसला की तो काढायला काय लागतं, हे ज्याने भोगलंय तो मेकॅनिकच्या मजुरीत घासाघीस करत नाही. आणि घरी न करण्याच्या गोष्टीही पुष्कळ आहेत. ब्रेकचं तेल डब्यात किती आहे ते बघावं, पण ब्रेक उघडायचे तर जाणत्यानेच उघडावेत. क्लच, गिअरबॉक्स, स्टिअरिंगचे सांधे त्याच्याकडेच द्यावेत. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, गाडीखाली झोपण्यासाठी नाही. खाली स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळे लावल्याशिवाय आत हातही घालू नये, आणि विटा तर कधीच लावू नयेत. रेडिएटर गरम असताना त्याचं झाकण उघडू नये. काढलेलं जळकं तेल ओढ्यात किंवा गटारात ओतू नये, डब्यात साठवून गॅरेजच्या पिंपात द्यावं. हे पाळता येत नसेल तर घरची दुरुस्ती करूच नये.

जुनी गाडी ठेवणं महागही होत चाललंय. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं. त्याची फी आधी सहाशे होती, एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती दहा हजार केली. धूर ओकणारी गाडी रस्त्यावर नको, हे मला मान्य आहे. पण धूर वयापेक्षा दुर्लक्षामुळे जास्त निघतो, निदान छोट्या गाड्यांच्या बाबतीत मी हे डोळ्यांनी पाहिलंय. बुजलेला फिल्टर आणि झिजलेले प्लग घेऊन फिरणारी आठ वर्षांची गाडी माझ्या म्हातारीपेक्षा काळा धूर सोडते!

शेवटचं एक. घरात पोरं असतील तर त्यांना जवळ बोलवा. तरफेची गणितं सोडवणाऱ्या मुलाने कधी लांब दांड्याचा पाना वापरून घट्ट नट सोडवलेला नसतो, आणि मुलीच्या हातात आपण फार तर उजेड धरायला बॅटरी देतो. एकदा पाना तिच्या हातात द्या आणि बॅटरी तुम्ही धरा. नट सुटताना जो 'कट्ट' आवाज येतो तो तिला ऐकू द्या. रस्त्याने जाणारा कुणी पैसे नाहीत का म्हणून विचारेलच. विचारू दे. हाताचा काळा रंग साबणाने जातो.