परसदारांतील वाद

ज्या घरांत हें मासिक जातें, त्यांपैकीं पुष्कळ घरांतील एखादा मुलगा अथवा मुलगी आज अमेरिकेंत आहे, हें सांगावयास ज्योतिष नको. मुलानें तिकडे घर घेतलें कीं लगोलग त्याचीं छायाचित्रें येतात. पुढें हिरवळ, मागें ऐसपैस परस, भोंवतीं लांकडी कुंपण. दोन खोल्यांत संसार केलेल्या आईबापांस वाटतें, मुलगा आतां खरा घरधनी झाला. परसांत अळू लावील, कढीलिंब लावील, अवजारांसाठीं एखादी खोपी उभारील. मग वर्षा-सहा महिन्यांत त्याच्या दारीं एक रजिस्टर पत्र येऊन पडतें. त्याचें छायाचित्र मात्र कोणी आईबापांस धाडीत नाहीं. अशा पत्रांविषयीं कांहीं वाचकांनीं आमच्याकडे विचारणा केली आहे, आणि सर्वांच्या प्रश्नाचा सूर एकच आहे: जमीन मुलाची, पैसा मुलाचा, मग परसांत काय बांधावें हें सांगणारे हे कोण?

हे म्हणजे 'होम ओनर्स असोसिएशन'. आम्ही त्यास गृहस्वामी-संघ म्हणूं. अमेरिकेंत अशा व याच जातीच्या संघांची संख्या साडेतीन लाखांच्या वर असून त्यांच्या अमलाखालीं राहणाऱ्या लोकांची गणती सात कोटींहून अधिक आहे. मोकळी जमीन घेऊन तींत शें-दोनशें घरें उठविणारा व्यापारी प्रथम एक करारपत्र लिहितो व तें जिल्ह्याच्या दप्तरीं नोंदवितो. पुढें प्रत्येक घर विकलें जातें तें त्या करारपत्रास बांधूनच. घर घेणारा आपोआप संघाचा सभासद होतो. नको म्हणण्याची सोय नाहीं. कुंपण किती उंच असावें, भिंतीस कोणता रंग चालेल, कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसावा कीं न दिसावा, येथपासून परसांतील खोपीचें छप्पर कशाचें असावें येथपर्यंत सर्व कांहीं त्यांत असतें. घर घेतांना सह्या करावयाच्या कागदांच्या भाऱ्यांत हें करारपत्रहि असतें. तें वाचणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

आपल्याकडील सहकारी गृहसंस्थेशीं हें रूप मिळतेंजुळतें दिसलें, तरी मूळ निराळें आहे. आपल्याकडे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखालीं नोंदलेल्या संस्थेच्या नांवें जमीन व इमारत व्हावयाची असते (ती पुष्कळ ठिकाणीं बिल्डरच्या कृपेनें अद्याप झालेली नसते, तो विषय वेगळा), आणि सभासदाकडे भाग व गाळा. म्हणून तळमजल्याच्या बिऱ्हाडकरूनें मागच्या मोकळ्या जागेंत पत्र्याची शेड ठोकली, तर "ही जागा सर्वांची" असें त्यास सांगतां येतें. अमेरिकेंतील घराचा भूखंड मात्र खरोखरच मालकाच्या नांवें असतो. आपल्या माणसाचा गोंधळ होतो तो येथें.

या गांठीचें मूळ इंग्लंडांत सांपडतें. लंडनमधील लेस्टर चौकाच्या मध्यभागीं एक बाग होती. टल्क नांवाच्या मालकानें १८०८ सालीं ती विकतांना घेणाऱ्याकडून लिहून घेतलें, कीं ही जागा बागच राहील, तीवर इमारत होणार नाहीं. जागा हातोहात फिरत मॉक्सहे नांवाच्या गृहस्थाकडे आली. त्यानें स्वतः कोणतेंहि वचन दिलें नव्हतें, परंतु पूर्वींची अट त्यास ठाऊक होती. त्यास तेथें बांधावयाचें होतें. टल्क न्यायालयांत गेला. १८४८ सालीं लॉर्ड कॉटनहॅम यांनीं निवाडा दिला, कीं अट ठाऊक असून ज्यानें जमीन घेतली, त्यास ती मोडतां येणार नाहीं. वचन एका मनुष्यानें दिलेलें, पण तें जमिनीस चिकटलें आणि जमिनीबरोबर धन्यामागून धन्याकडे जाऊं लागलें. आमच्या वाचकाच्या मुलास आलेलें रजिस्टर पत्र याच निवाड्याच्या वंशांतलें आहे.

या वंशांत कुलकलंकहि पुष्कळ निपजले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंतील असल्याच करारांत 'हें घर काळ्या मनुष्यास विकूं नये', 'आशियांतील मनुष्यास विकूं नये', 'यहुद्यास विकूं नये' अशीं कलमें सर्रास असत. सेंट लुई शहरांतील शेली नांवाच्या काळ्या कुटुंबाच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९४८ सालीं ठरविलें, कीं असलीं कलमें न्यायालयांकडून अमलांत आणवितां येणार नाहींत. टल्कच्या निवाड्यास तेव्हां बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं. हें वाचून ज्यांस अमेरिकेविषयीं नाक मुरडावेंसें वाटेल, त्यांनीं थोडें थांबावें. मुंबईस गांवदेवी येथें १९१५ सालीं उभी राहिलेली सारस्वत गृहसंस्था ही आपल्या देशांतील गृहसहकाराची पहिली मोठी कामगिरी म्हणून आपण अभिमानानें सांगतों, आणि तो अभिमान रास्तहि आहे. पण तिच्या नांवांतच जातीचा उल्लेख आहे. अहमदाबादेच्या एका पारशी गृहसंस्थेनें सभासदत्व पारशांपुरतेंच ठेवावें कीं नाहीं, या वादांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं संस्थेच्या बाजूनें कौल दिला. शेजारी निवडून घेण्याची हौस कोणा एका देशाची नव्हे.

आम्ही आयुष्यभर संस्कृत शिकविलें, तेव्हां हा विषय निघतांच कौटिल्य आठवणें हा आमचा नाइलाज आहे. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणाचा आठवा अध्याय घरांविषयींच्या वादांचा आहे. शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतर सोडावें, आपल्या घरचें पाणी कोणीकडे वाहूं द्यावें, नसत्या ठिकाणीं खड्डा खणणाऱ्यास काय दंड, हें सर्व त्यांत आहे. बाळंतिणीसाठीं दहा दिवसांपुरता खड्डा खणण्याची सूटहि त्यानें आठवणीनें ठेविली आहे. त्याच ओघांत तो सांगतो, कीं गृहस्वामींनीं एकत्र येऊन आपणांस इष्ट वाटेल तसें करावें आणि अनिष्ट असेल तें वारावें. आम्हीं वर योजलेला 'गृहस्वामी' हा शब्दहि त्याचाच. या वचनाचीं अंगें दोन आहेत. आजच्या संघास दुसरें अंग, म्हणजे वारण्याचें, तोंडपाठ असतें. पहिल्याची त्यास आठवण करून द्यावी लागते, आणि ती हल्लीं तिकडील विधिमंडळें करून देऊं लागलीं आहेत.

त्यांतल्या कांहीं गोष्टी आमच्या वाचकांनीं मुलांस अवश्य कळवाव्या. कॅलिफोर्नियांत २०२० पासून एका कुटुंबाच्या घराच्या परसांत दुसरें लहान बिऱ्हाड बांधण्यास संघ सरसकट मनाई करूं शकत नाहीं. म्हातारे आईबाप येऊन राहणार असतील, तर या कायद्यासारखा उपकार नाहीं. त्याच राज्यांत २०१६ पासून परसांत दोरीवर कपडे वाळत घालण्याचा हक्क कायद्यानें राखला आहे. नऊवारी लुगडें उन्हांत वाळविणें हा अपराध कसा, हें ज्या आजीस तेथें कोणी समजावून सांगूं शकत नव्हतें, तिनें हें ध्यानांत ठेवावें. २०२५ सालीं तेथील संघांच्या दंडासहि लगाम बसला. आरोग्यास वा सुरक्षिततेस धोका नसेल, तर एका उल्लंघनास शंभर डॉलरांहून अधिक दंड करतां येत नाहीं. फ्लॉरिडांत २०२४ च्या कायद्यानें स्पष्ट केलें, कीं जी वस्तु समोरून, शेजारच्या भूखंडावरून वा सामाइक जागेवरून दिसत नाहीं, तिच्या भानगडींत संघानें पडूं नये. त्यांत भाजीचा वाफा व कपड्यांची दोरी यांचा नांवानिशीं उल्लेख आहे. राज्याराज्यांचा कायदा वेगळा, हें मात्र विसरूं नये. फ्लॉरिडांतील मावसभावाच्या अनुभवावर ओहायोंत खोपी बांधणें शहाणपणाचें नव्हे.

टेक्सासांत आमच्या कन्येकडे कांहीं महिने राहण्याचा योग आला, तेव्हां तिच्या मागील आळींतील एका मराठी गृहस्थाचें प्रकरण आम्हांस जवळून पाहावयास मिळालें. गृहस्थ सज्जन, मोठ्या हुद्द्यावर. मातोश्री सांगलीहून आलेल्या. त्यांच्या समाधानार्थ त्यानें परसाच्या टोकास, कुंपणाला लागून, विटांचें कंबरेइतकें उंच वृंदावन व त्याभोंवतीं लहानसा ओटा बांधला. शेजारीं दहा फुटी लांकडी खोपी उभारली. कोणास विचारलें नाहीं. मागच्या घरांतील एक वृद्ध अमेरिकन एकदां येऊन सांगून गेला, कीं तुमच्या खोपीच्या छपराचें पाणी माझ्या टोमॅटोच्या वाफ्यांत पडतें. त्यावर आमच्या गृहस्थानें "ही माझी जमीन आहे" एवढेंच उत्तर दिलें. पुढच्या महिन्यांत संघाचें रजिस्टर पत्र आलें. खोपी व 'विटांचें अनधिकृत बांधकाम' दोन्ही ठराविक मुदतींत काढावीं, न काढल्यास दंड. आणि तीस दिवसांच्या आंत मागितल्यास सुनावणी मिळेल.

गृहस्थ संतापला. हा धर्मावर घाला आहे, आपण वर्गणीच भरणार नाहीं, असें तो म्हणूं लागला. मातोश्रींनीं ती गोष्ट मनास लावून घेतली. आपल्या तुळशीपायीं मुलास दंड झाला, म्हणून त्या संध्याकाळीं परसांत जाईनाशा झाल्या. दिवा स्वयंपाकघराच्या खिडकींत लावूं लागल्या. त्या खिडकींतल्या दिव्यापुढें आम्हांस त्या सगळ्या करारपत्राची किंमत कवडीचीहि वाटली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. तरीहि आम्हीं तें करारपत्र, मोजणीचा नकाशा आणि राज्याचा कायदा मागवून घेतला व चष्मा लावून बसलों.

वर्गणी बंद करण्याचा विचार आम्हीं प्रथम त्याच्या डोक्यांतून काढला. टेक्सासांत केवळ दंडापायीं संघ घराचा लिलाव करवूं शकत नाहीं. परंतु थकलेल्या वर्गणीचा बोजा घरावर चढतो आणि त्यापायीं घर जाऊं शकतें. रागाच्या भरांत लोक नेमकी तीच चूक करतात. नंतर पाहिला २०२१ सालीं सुधारलेला नियम. प्रामाणिक धर्मश्रद्धेनें आपल्या जागेंत ठेविलेल्या धार्मिक वस्तूस संघ मनाई करूं शकत नाहीं. तें कलम ऐकतांच गृहस्थाची छाती फुगली. पण त्याच कलमांत अपवाद आहेत. सीमेपासून सोडावयाच्या जागेंत अथवा दुसऱ्याच्या सुविधाधिकाराच्या पट्ट्यांत ती वस्तु असेल, तर हें संरक्षण मिळत नाहीं. नकाशावर मागच्या कुंपणालगत दहा फुटांचा पट्टा आंखलेला होता. त्याखालून विजेच्या तारा गेल्या होत्या. वृंदावन आणि खोपी, दोन्हीं त्या पट्ट्याच्या पोटांत.

म्हणजे संघाची मागणी बरोबर निघाली, पण तिचें कारण चुकीचें होतें. पत्रांत तारांचा उल्लेखच नव्हता. वीट हा पदार्थ मान्य यादींत नाहीं, एवढीच त्यांची तक्रार. सुनावणीस पोहण्याच्या तलावाशेजारील दालनांत पांच मंडळी बसलीं होतीं. त्यांतील एका बाईंनीं वृंदावनास 'बाहेरची चूल' समजून धुराविषयीं पृच्छा केली. गृहस्थानें आमच्या सांगण्यावरून आवाज न चढवितां दोनच गोष्टी मांडल्या. पट्ट्यांतून दोन्हीं बांधकामें आपण स्वतः हलवितों. नव्या जागीं वृंदावनास विटांच्या कारणावरून हरकत घेतां येणार नाहीं, हें कलम पाहावें. संघाच्या वकिलानें कलम पाहिलें व मान हलविली. दंड माफ झाला.

चुन्यासिमेंटाचें वृंदावन हलवितां येत नाहीं, तें मोडावें लागतें. मातोश्रींनीं तुळस आधीं कुंडींत काढून घेतली, आणि मोडतांना त्या तेथें आल्या नाहींत. खर्च मूळ बांधणीच्या दुप्पट झाला. खोपी उजव्या बाजूस सरकली व तिला पन्हळ बसली. त्या वृद्ध शेजाऱ्याकडे गृहस्थ स्वतः गेला कीं नाहीं, हें आम्हांस कळलें नाहीं. आमचा परतीचा दिवस जवळ आला होता.

नव्या वृंदावनासाठीं मात्र रीतसर अर्ज गेला. तो आम्हींच सांगितला, त्यानें इंग्रजींत लिहिला. सोबत मोजणीचा नकाशा, चारी बाजूंचें अंतर फुटांत, उंची, विटेचा नमुना, आणि पोंच मिळेल अशा टपालानें एक प्रत. बांधकाम पाहणाऱ्या समितींत त्या राज्यांतील चाळीसांहून अधिक घरांच्या वसाहतींत कार्यकारिणीच्या सभासदास किंवा त्याच्या पत्नीस वा पतीस बसतां येत नाहीं, आणि नकार द्यावयाचा तर कारणासह लेखी द्यावा लागतो. अर्जांत या दोन्हीं गोष्टींचा नम्र निर्देश केला. तीन आठवड्यांनीं समितीचें उत्तर आलें. हरकत नव्हती, फक्त एक विचारणा होती, कीं हें झाड किती उंच वाढतें. मातोश्रींनीं हातानें दाखविली तेवढी उंची गृहस्थानें लिहून पाठविली: तीन फूट, हिवाळ्यांत रोप घरांत घेतलें जाईल.