व्हॉयेजरचा आवाज जवळपास शून्य, तरी नासाला त्यातले ० आणि १ कळतात कसे?

नोव्हेंबर २०२६. या महिन्यात व्हॉयेजर १ हे यान पृथ्वीपासून एक ‘प्रकाश-दिवस’ दूर असेल. म्हणजे इथून निघालेला रेडिओ संदेश तिथे पोहोचायला २४ तास आणि उत्तर यायला आणखी २४ तास. सोमवारी सकाळी विचारलं, तर उत्तर बुधवारी सकाळी. अंतर सुमारे २,५९० कोटी किलोमीटर. माणसाने बनवलेली दुसरी कुठलीही वस्तू इतक्या लांब गेलेली नाही.

यावरचे रील्स तुमच्या फीडमध्ये येतीलच. पण त्यात एक प्रश्न हमखास राहून जातो. १९७७ मध्ये उडालेल्या या यानाचा ट्रान्समीटर आहे साधारण २३ वॉटचा. फ्रिजमधल्या बल्बएवढा. आपल्याकडे लिफ्टचं दार बंद झालं की फोन तुटतो. मग हे ऐकू कसं येतं?

खरं सांगायचं तर, ऐकू येतच नाही. ठरवावं लागतं.

एका वॉटचे किती तुकडे?

नासाच्या अमेरिका, स्पेन आणि ऑस्ट्रेलियातल्या केंद्रांवर ७० मीटर व्यासाच्या अवाढव्य डिश आहेत. अशा डिशवर व्हॉयेजरची जी ऊर्जा पडते तिचा अंदाज घ्यायचा, तर एका वॉटचे अब्ज भाग करा. त्यातला एक भाग उचला आणि त्याचे पुन्हा अब्ज भाग करा. त्यातला एक, साधारण तेवढी.

त्यात भर म्हणजे गोंगाट. आकाश, वातावरण, खुद्द डिशमधलं इलेक्ट्रॉनिक्स, सगळंच थोडी थोडी रेडिओ ऊर्जा बाहेर टाकत असतं. म्हणून डिशमधले ॲम्प्लिफायर हेलियमच्या मदतीने उणे २५० अंश सेल्सिअसच्याही खाली थंड ठेवतात. तरी गोंगाट पूर्ण जात नाही. यानाने पाठवलेला ० तिथे पोहोचेपर्यंत इतका विस्कटलेला असतो की तो १ सुद्धा वाटू शकतो. रिसीव्हरचं काम एवढंच, की समोर आलेली ही भेळ बघून निर्णय द्यायचा: ० की १?

हा निर्णय घेण्याची सगळ्यात चांगली पद्धत कोणती, हे गणिताने सिद्ध करता येतं. त्या पद्धतीने चालणाऱ्या यंत्राला ‘ऑप्टिमम रिसीव्हर’ म्हणतात. इथे एक गैरसमज आधीच दूर करू. ऑप्टिमम म्हणजे न चुकणारा नव्हे. ऑप्टिमम म्हणजे, तशा गोंगाटात याच्यापेक्षा कमी चुका दुसरा कुठलाच रिसीव्हर करू शकत नाही, असा.

दादर स्टेशन आणि आईचा फोन

दादरला संध्याकाळी साडेसहाला उभे राहा. भोंग्यातली खरखर, गर्दी, फेरीवाले. तरी ‘पुढील लोकल’ची घोषणा तुम्ही पकडता. कारण त्या वाक्याचा साचा तुम्हाला पाठ आहे, बदलतं ते फक्त गाडीचं नाव आणि वेळ. रिसीव्हर हेच करतो. पाठवलेला ० कसा दिसतो आणि १ कसा दिसतो, याचे साचे त्याच्याकडे असतात. आलेला सिग्नल दोन्हींशी ताडून तो बघतो, कुठे जास्त जुळतंय. याला ‘मॅच्ड फिल्टर’ म्हणतात. १९४३ मध्ये डी. ओ. नॉर्थ या अमेरिकी इंजिनिअरने रडारसाठी हे गणित मांडलं. युद्ध सुरू होतं, आणि पडद्यावरचा ठिपका शत्रूचं विमान आहे की नुसती खरखर, हे ठरवायचं होतं.

दुसरा भाग माझ्या आवडीचा. रात्री नऊला आईचा फोन येतो, आवाज तुटतो आणि फक्त ‘…लीस का?’ एवढंच कानावर पडतं. मी घरात असेन तर तो ‘जेवलीस का?’ असतो. प्रवासात असेन तर ‘पोहोचलीस का?’. आवाज दोन्ही वेळा सारखाच, पण काय असण्याची शक्यता जास्त, याची पूर्वकल्पना मला असते आणि निर्णय त्या बाजूला झुकतो. ऑप्टिमम रिसीव्हरही, ० आणि १ येण्याची शक्यता सारखी नसेल तर, आपली सीमारेषा तशी सरकवतो.

चूक किती, हे आधीच सांगता येतं

या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट ही. कुठला बिट चुकणार हे कुणी सांगू शकत नाही. पण किती बिट चुकतील, हे आधी काढता येतं. सगळं अवलंबून असतं एका गुणोत्तरावर: एका बिटमागे मिळालेली ऊर्जा भागिले गोंगाटाची पातळी.

० आणि १ साठी एकमेकांच्या बरोबर उलट लहरी वापरल्या, तर हिशेब असा येतो. गुणोत्तर १ असेल तर शंभरात जवळपास ८ बिट चुकतात. ते २ झालं तर शंभरात साधारण २. ४ झालं तर हजारात २. आणि ८ झालं तर लाखात फक्त ३! ऊर्जा आठपट, चुका अडीच हजार पटींनी कमी.

पण यानाकडे जास्तीची ऊर्जा आणायची कुठून? त्यातली प्लुटोनियमवर चालणारी वीज दरवर्षी सुमारे ४ वॉटने घटतेय. मग उपाय एकच, प्रत्येक बिट जास्त वेळ पाठवायचा. १९७९ मध्ये गुरू ग्रहाजवळून व्हॉयेजर सेकंदाला १,१५,२०० बिट पाठवत होतं. आता पाठवतं १६०. या वेगाने १०० केबीचा एक गुड मॉर्निंग फोटो यायला ८३ मिनिटं लागतील. ही जुन्या यंत्राची सुस्ती नाही. कमी चुकांसाठी मोजलेली ती किंमत आहे.

उरलेल्या चुकांसाठी बिट्समध्ये जास्तीची माहिती गुंफलेली असते, जिच्यावरून चुकलेला बिट शोधून दुरुस्त करता येतो. चहाच्या टपरीवरचा क्यूआर कोड कोपऱ्यात फाटलेला असला तरी पेमेंट होतं ना? त्यामागे ‘रीड-सोलोमन’ नावाचं तंत्र आहे. १९८६ मध्ये युरेनसजवळून व्हॉयेजर २ ने हेच तंत्र वापरलं.

(दोन्ही यानांवरच्या सोनेरी तबकडीत मराठीतला नमस्कार आणि गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. ती मात्र अ‍ॅनालॉग. तिथे ०-१ ची भानगडच नाही.)

साचाच बदलला तर?

ऑप्टिमम रिसीव्हरची दुखरी नस कुठे आहे, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये दिसलं. १६ ऑक्टोबरला नासाने व्हॉयेजर १ ला एक हीटर सुरू करायला सांगितलं. १८ तारखेला पृथ्वीवर सिग्नलच सापडेना. यानाने वीज वाचवायला आपणहून डेटा पाठवण्याचा वेग कमी केला होता आणि त्यामुळे सिग्नलचं रूपच बदललं होतं. डिश शाबूत, यान शाबूत, पण रिसीव्हर शोधत होता जुना साचा. इंजिनिअर्सनी हे ओळखलं आणि त्याच दिवशी सिग्नल मिळाला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. या वेळी यानाने मुख्य ट्रान्समीटर बंद करून त्याहून क्षीण, १९८१ पासून न वापरलेला ट्रान्समीटर सुरू केला होता. इतक्या लांबून तो पकडता येईल याची टीमला खात्री नव्हती. पण पकडला.

त्याआधीचं, नोव्हेंबर २०२३ चं प्रकरण बरोबर उलटं. तेव्हा सिग्नल स्वच्छ येत होता, पण त्यात ० आणि १ ची एकच रटाळ नक्षी. यानातल्या कॉम्प्युटरची एक मेमरी चिप बिघडली होती. रिसीव्हरने कचरासुद्धा इमानदारीने उतरवून घेतला. पाठवणाराच चुकीचं बोलत असेल तर त्याला ते कळण्याचा मार्ग नाही. बिघडलेल्या चिपवरचा कोड दुसऱ्या जागी हलवायचा, हा मार्ग माणसांनी शोधला आणि २० एप्रिल २०२४ ला यान पुन्हा समजेल असं बोललं.

या बिट्सवर किती काय टांगलेलं असतं, त्याचं उदाहरण मार्च २०२५ चं. कॅनबेराची ७० मीटरची डिश मे महिन्यापासून दुरुस्तीसाठी बंद होणार होती. दोन्ही व्हॉयेजरना काही आज्ञा पाठवण्याइतकी ताकद फक्त तिच्यात आहे. त्याआधी टीमला व्हॉयेजर १ चे, २००४ पासून मेले असं समजलेले थ्रस्टर जिवंत करायचे होते. त्यांचे हीटर बंद असतानाच ते पेटले असते, तर छोटा स्फोट व्हायची भीती होती. आज्ञा गेली. एका बाजूच्या प्रवासालाच २३ तास. २० मार्चला डेटा येऊ लागला आणि वीस मिनिटांत हीटरच्या तापमानाचा आकडा झपाट्याने वर चढला.