भंगारातील गोपनीयता

संगणकावरील मजकूर ‘काढून टाकला’ म्हणजे तो नाहीसा झाला, हा समज जितका सार्वत्रिक तितकाच भ्रामक आहे. त्या आज्ञेने सामान्यतः खोडली जाते ती अनुक्रमणिकेतील नोंद; मूळ मजकूर हार्ड डिस्कवर तसाच राहतो. संगणकावाचून डिस्कची प्रत काढणारी आणि सर्वत्र नव्याने लेखन करून ती कोरी करणारी स्वतंत्र यंत्रे बाजारात उपलब्ध आहेत. तेव्हा उणीव तंत्राची नव्हे. डिस्क पुसण्याचा खर्च संस्थेच्या खतावणीत पडतो. न पुसल्याचा पडतो तो भलत्याच्याच माथी.

अमेरिकेतील मॉर्गन स्टॅन्ली या बलाढ्य वित्तसंस्थेने हजारो डिस्क व सर्व्हर मोडीत काढण्याचे काम सामान हलविणाऱ्या एका अननुभवी कंपनीकडे सोपविले. त्यांतील काही ग्राहकांच्या खासगी माहितीसह लिलावात विकले गेले! २०२२ मध्ये तेथील रोखे नियामकाने साडेतीन कोटी डॉलरचा दंड ठोठावला. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातही २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र तो जमा व्हावयाचा भारताच्या संचित निधीत; ज्याची माहिती चव्हाट्यावर आली त्या खातेदाराला भरपाई देण्याची तरतूद या अधिनियमात नाही.