मधुमेहाचे औषध आणि घरची खतावणी

शिरूर तालुक्यातील केंदूरसारख्या गावात दुकानाची खतावणी चोख ठेवणाऱ्या कुटुंबांतही औषधांचा खर्च किरकोळीत टाकला जातो. मेडिक्लेम आहे, वडिलांचे आयुष्मान कार्डही निघाले आहे, मग चिंता कसली, असा समज असतो. मधुमेहाच्या बाबतीत हा समज पुरेसा नाही.

29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू लागले. परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच. रोजची मेटफॉर्मिन, साखर मोजण्याच्या पट्ट्या, नियमित तपासण्या हा सारा भार घरावरच राहतो. बहुतेक खासगी विम्यांतही हीच स्थिती आहे. शिवाय आधीपासून असलेल्या आजारासाठी 36 महिन्यांपर्यंत प्रतीक्षा करावी लागू शकते. म्हणून काही जण अर्ज भरताना मधुमेह लपवितात. तो मोह फार महागात पडतो, कारण ऐन अडचणीच्या वेळी दावा नाकारला जाऊ शकतो.

आता वजन घटविणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा घरोघरी आहे. मार्च 2025 मध्ये माउंजारो भारतात आले, तेव्हा 2.5 मिलिग्रॅमची कुपी 3,500 रुपयांना, तर 5 मिलिग्रॅमची 4,375 रुपयांना होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला चार कुप्या. हिशेब 14,000 ते 17,500 रुपयांवर जातो. परदेशी असलेली मुले तेथील सोयींचे दाखले देतात. परंतु अमेरिकेतही 2003 च्या कायद्याने केवळ वजन कमी करण्याची औषधे मेडिकेअरच्या औषध-विम्यातून वगळली. तेच सेमाग्लुटाइड मधुमेहासाठी लिहून दिले, तर मात्र त्याला तेथे विमा मिळू शकतो.

भाव कायम राहत नाहीत, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको. मार्च 2025 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपले आणि सुमारे 60 रुपयांची गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत विकावयास आणली. तरीही जुन्याच चिठ्ठीवर जुनेच महाग नाव घेणारे पुष्कळ आहेत. घाऊक बाजारात पैशापैशासाठी घासाघीस करणारा माणूस औषधाच्या दुकानात भाव विचारावयास का संकोचतो, हे एक कोडेच आहे. तोच घटक स्वस्त नावाने किंवा जनऔषधी केंद्रात मिळेल काय, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. मात्र त्यांच्या सल्ल्याशिवाय गोळी बदलू वा थांबवू नये. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत व ग्रामीण रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत; साध्या गोळ्यांसाठी तेथे जाण्यात कमीपणा मानू नये.

घरातील ज्येष्ठांचा आरोग्यविमा नसेल, तर त्यांच्या औषधोपचारावरील 50,000 रुपयांपर्यंतचा वार्षिक खर्च जुन्या करप्रणालीत वजावटीस पात्र ठरतो. मात्र पैसे रोखीने दिलेले नसावेत, आणि प्रत्येक बिल ज्येष्ठांच्या नावाने घेऊन जपून ठेवावे.