तो फोन पस्तीवाल्याला देण्यापूर्वी



दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत संगणक कक्षातल्या लोखंडी कपाटाचा खालचा खण रिकामा केला, तेव्हा बुटांच्या एका खोक्यात चौदा मोबाइल फोन निघाले. २०२० साली शाळा बंद होती आणि वर्ग घरच्या घरी भरत होते. त्या वेळी ज्या मुलांच्या घरी वेगळा फोन नव्हता, त्यांच्यासाठी इतर पालकांनी आपले जुने फोन शाळेत आणून दिले होते. मुले वर्गात परतली, फोन खोक्यात गेले आणि आपण सगळेच ते विसरलो. आता हे खोके भंगारात द्यावे असा विषय विश्वस्त मंडळाच्या येत्या सभेपुढे आहे. संगणक कक्ष समितीतल्या आमचे मत थोडे वेगळे आहे. ते सभेआधी सर्वांपुढे यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

चौदांपैकी तिघांच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या. ते फोन आम्ही चार्जरला लावलेच नाहीत, बाजूला ठेवले. उरलेले अकरा सुरू झाले. त्यात दोन रेडमी २ होते. २०१५ साली हा फोन ६,९९९ रुपयांना मिळत असे. एक जीबी मेमरी, स्नॅपड्रॅगन ४१० चिप आणि मागचे झाकण उघडून बदलता येणारी बॅटरी. काच शाबूत, आवाज ठीक. मग हा फोन निकामी कसा ठरला? तर त्यावरचे अँड्रॉइड ४.४ जुने झाले. ऑक्टोबर २०२३ पासून व्हॉट्सॲपही ५.० च्या आधीच्या अँड्रॉइडवर चालत नाही. म्हणजे यंत्र धडधाकट, पण त्याला कोणी दारात उभे करत नाही.

यामागचे कारण मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. अँड्रॉइडचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो लिनक्सचाच आहे. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेला आणि तेव्हापासून जगभरच्या लोकांनी वाढवलेला. चिप बनवणारी कंपनी या गाभ्याची एक आवृत्ती घेते आणि आपल्या चिपपुरते फेरफार करते. फोन बनवणारी कंपनी त्यात आणखी भर घालते. माल विकला गेला की हे फेरफार नव्या आवृत्तीत नेऊन बसवायला बहुधा कोणी उरत नाही. पाठ्यपुस्तकात पेन्सिलीने दुरुस्त्या कराव्यात आणि पुढच्या आवृत्तीच्या वेळी त्या छापखान्याला कळवूच नयेत, तसा हा प्रकार.

या दुरुस्त्या शोधून मूळ गाभ्यात नेऊन घालण्याचे काम जगभरचे हौशी लोक करतात. ऑलिव्हर स्मिथ यांनी मे २०१७ मध्ये जाहीर केलेला पोस्टमार्केटओएस हा असाच एक उपक्रम. फोनला दहा वर्षांचे आयुष्य मिळावे, हे त्याचे ध्येय. अल्पाइन लिनक्स या अगदी सडपातळ प्रणालीवर तो उभा आहे, त्यामुळे एक जीबी मेमरीतही त्याचे भागते. कोणाला पडदा उजळवता येतो, कोणी आवाजाची वाट शोधतो, कोणी वायफायची. स्नॅपड्रॅगन ४१० ही चिप तेव्हाच्या कितीतरी स्वस्त फोनांत होती, म्हणून एकाचे काम दुसऱ्याच्या उपयोगी पडले. आमच्या खोक्यातला लेनोवो ए६००० त्याच चिपचा निघाला. बाकीच्या आठ फोनांसाठी मात्र कोणी असे कष्ट घेतलेले नाहीत. तेव्हा अकरा नव्हे, तीनच फोन आपल्या कामाचे आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

आपल्या शाळेचे दोन माजी विद्यार्थी, जे आता इथेच अभियांत्रिकी शिकत आहेत, तीन शनिवार येऊन बसले. पहिला शनिवार फुकट गेला. दोष केबलचा होता. ती नुसती चार्जिंगची निघाली, माहिती वाहून नेणारी नव्हे. दुसऱ्या शनिवारी आवाज कमी करायचे बटण आणि पॉवरचे बटण एकत्र दाबून धरल्यावर पडद्यावर केसाळ टोपी घातलेला ससा अवतरला. अँड्रॉइडचा हिरवा यंत्रमानव दुरुस्त करीत बसलेला. नववीच्या मुलींना तो इतका आवडला की पुढे जायला त्या तयार होईनात! तिसऱ्या शनिवारी नवी प्रणाली उघडली. एका मुलीने आपले नाव मराठीत लिहिले आणि पडद्यावर नुसत्या रिकाम्या चौकटी आल्या. सडपातळ प्रणालीत देवनागरी टंकच नव्हता. रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली दिलेला ‘लोहित’ टंक घातला (लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या नावाला साजेसा) आणि अक्षरे दिसू लागली. मग ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कोपऱ्यात’ असे शब्द लिहून तो आपला खास मराठी अर्धा र नीट उमटतो की नाही, याची तपासणी झाली. ही तपासणी जर्मनीत किंवा अमेरिकेत बसलेला माणूस करणार नाही. त्याला काय बिघडले आहे तेच दिसणार नाही.

आमचे म्हणणे इथूनच सुरू होते. असे उपक्रम जो हजर असतो त्याच्यासाठी चालतात. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवर शिकवतात. तिथल्या ‘स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग’ या मंडळाने आपल्या भाषेचे टंक स्वतः घडवले, सांभाळले. त्याच मल्याळी कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘इंडिक कीबोर्ड’मध्ये मराठीही आहे. मराठीसाठी मल्याळी माणसांनी राबावे आणि आपण भाषादिनाला भाषण करून घरी जावे, हे आम्हाला तरी बरे वाटत नाही.

बडोद्याला तर हे काम परके नाही. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९३१ साली ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ प्रसिद्ध झाला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृतसह इतर भाषांत कोणता प्रतिशब्द वापरावा, हे त्यात शोधलेले आहे. आज फोनवरच्या ‘सेटिंग’ला, ‘अपडेट’ला काय म्हणावे, हा प्रश्न त्याच घराण्यातला. आणि हाताने काम शिकण्याचे म्हणाल, तर १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या हातून सुरू झालेले कलाभवन याच गावात होते. दादासाहेब फाळके तिथे शिकून गेले. आपण दर वर्षी हे अभिमानाने सांगतो. तीन फोनांपुरते तरी ते करून पाहू.

पालकवर्गाची शंका आम्हाला ऐकू येते: “मोठ्या मुश्किलीने मुलांच्या हातातला मोबाइल सुटला, आता शाळाच पुन्हा देणार का?” शंका रास्त आहे. पण या फोनवर आज मुलांना गुंतवून ठेवणारी ॲप चालत नाहीत. व्हॉट्सॲप नाही, बँकांची आणि यूपीआयची ॲप या प्रणालीसाठी बनवलेलीच नाहीत, कॅमेऱ्यावरही भरवसा ठेवू नये. रोजच्या वापरासाठी हा फोन घरी न्या असे आम्ही कोणालाच सांगणार नाही. तो संगणक कक्षातच राहील. एका फोनवर किविक्सच्या साहाय्याने मराठी विकिपीडिया उतरवून ठेवायचा आमचा विचार आहे, म्हणजे इंटरनेट गेले तरी वर्गातल्या संगणकांवरून तो वाचता येईल. दुसरा उघडून पाहण्यासाठी, तिसरा मराठी भाषांतर तपासण्यासाठी.

विश्वस्तांपैकी एकांनी विचारले, “दोन वर्षांनी हे माजी विद्यार्थी नोकरीला पुण्या-बंगळूरला गेले की पुढे काय?” याचे पक्के उत्तर आमच्याजवळ नाही. आमच्या समितीतही यावर एकमत नाही. एका सदस्यांना हा सारा उद्योग परीक्षेच्या वर्षात नको वाटतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी पुढाकार घेऊन ‘सिम्प्युटर’ हा लिनक्सवर चालणारा हातात मावेल एवढा स्वस्त संगणक बनवला होता. २००४ साली तो बाजारात आला आणि फारसा खपला नाही. यंत्र हुशार होते. पण आमच्या समजुतीप्रमाणे, ते बिघडल्यावर उघडून बसणारी, त्यात आपली भर घालणारी माणसे गावोगाव नव्हती. म्हणून आम्ही नववीच्या मुलांकडून प्रत्येक पायरी मराठीत वहीत लिहून घेत आहोत. बावीस पाने झाली आहेत. चुकीची केबल पहिल्याच पानावर आहे.

मागणी मोठी नाही. तीन फोनांना नव्या बॅटऱ्या, दोन चांगल्या केबल, शनिवारी दोन तास कक्ष उघडा. उरलेले अकरा फोन पस्तीवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावेत. १ एप्रिल २०२३ पासून यासाठी नवे नियम लागू झालेले आहेत आणि फुगलेली बॅटरी लारीवर टाकणे धोक्याचे आहे.

आणखी एक गोष्ट. आठांपैकी एका फोनमध्ये कोणाच्या तरी घरच्या गणपतीचे आणि एका आजींचे पुष्कळ फोटो आहेत. पहिले दोन-तीन पाहिल्यावर आम्ही फोन बंद केला. पुसल्याशिवाय एकही फोन बाहेर जाणार नाही, पण हा पुसायला हात होत नाही. निळी खोळ, मागे कोपऱ्यात साईबाबांचे छोटे स्टिकर. ज्यांचा असेल त्यांनी सभेच्या आधी, कोणत्याही शनिवारी दहा ते बारा या वेळेत संगणक कक्षात यावे.