४के मॉनिटर घेतलाय? ग्राफिक्स कार्डाआधी पोर्ट तपासा

पनवेल : घरून काम करण्यासाठी ३२ इंची ४के मॉनिटर घेतला, की पुढचा सल्ला ठरलेला : ‘आता तगडं ग्राफिक्स कार्ड लागणारच.’ माझ्या मते हा सल्ला सरसकट मानू नये.

फुल एचडी स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, ४के स्क्रीनवर सुमारे ८३ लाख, म्हणजे चौपट. गेममध्ये प्रत्येक फ्रेमसाठी हा भार कार्डावरच येतो. तिथे ताकदीचं कार्ड, शक्यतो १६ जीबी व्हीरॅम आणि ते पेलणारा पॉवर सप्लाय हवाच. थ्रीडी कामासाठीही कार्ड लागतं. पण एक्सेल, ब्राउझर आणि व्हिडिओसाठी प्रोसेसरमधलं ग्राफिक्स बहुधा पुरतं.

तरीही माउसचा बाण अडखळतोय? दोष पोर्टचा असू शकतो. एचडीएमआय १.४ वरून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ हवं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रिफ्रेश रेट बघा. ३० दिसला, तर आधी पोर्ट आणि केबल बदलून पाहा.

कार्डासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची वाट धरण्याआधी ही पाच मिनिटांची तपासणी कराच. कदाचित काम केबलवरच भागेल.